निम्म्या चेंडूचा न्याय

14 नोव्हेंबर 1992. डर्बनचं किंग्जमीड मैदान. भारताचा दक्षिण आफ्रिकेतला पहिलाच कसोटी सामना चालू होता. सचिन तेंडुलकर 11 धावांवर खेळत होता. एका चोरट्या धावेसाठी तो पुढे निघाला आणि अर्ध्यातून मागे वळला. तेवढ्यात जाँटी ऱ्होड्सची फेक आली आणि यष्ट्या मोडल्या. पंच सिरिल मिचली यांनी बोट वर केलं नाही आणि मानही हलवली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन काढला. मैदानाबाहेर टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि सचिन बाद ठरला. पडद्यावर पाहून बाद दिलेला कसोटीतला हा पहिला फलंदाज.

सचिन खरोखरच बाद होता, त्यामुळे निर्णयाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रारीची वेळ पुढच्याच कसोटीत, जोहान्सबर्गला आली. यावेळी धावचीत होण्याच्या बेतात खुद्द जाँटी ऱ्होड्स होता. टीव्ही तोच, नियमही तोच. फरक पंचांचा होता. जमैकाचे स्टीव्ह बकनर यांना पडद्याकडे जाण्याची गरज वाटली नाही आणि त्यांनी ऱ्होड्सला नाबाद ठरवलं. चित्रफितीत तो स्पष्ट बाद दिसत होता. ऱ्होड्सने 91 धावा केल्या.

खेळातल्या तंत्रज्ञानाचा विचार करताना हे दोन प्रसंग मला एकत्र ठेवावेसे वाटतात. यंत्र किती अचूक आहे हे आपण आधी विचारतो. पण जोहान्सबर्गला यंत्रात काहीच उणं नव्हतं, त्याला विचारण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती होता आणि त्याने विचारलं नाही. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत कॅमेरे कितीतरी सुधारले. यंत्राला कोणी विचारायचं, किती वेळा विचारायचं, ते कोणत्या मैदानावर बसवायचं आणि त्याचे पैसे कोणी भरायचे, हे प्रश्न मात्र अजून पुरते सुटलेले नाहीत. क्रिकेटमधली न्यायाची बरीचशी भांडणं याच प्रश्नांपाशी येऊन थांबतात.

पडदा येण्याआधी पंचांवरच्या संशयाचं स्वरूप वेगळं होतं. यजमान देशाचेच पंच उभे राहायचे आणि पाहुण्या संघाला प्रत्येक निर्णयात पक्षपात दिसायचा. पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याने तटस्थ पंचांचा आग्रह धरला. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातल्या कसोटीसाठी दोन भारतीय पंच बोलावले गेले. एक व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. भारत आणि पाकिस्तानचे राजकीय संबंध लक्षात घेता पाकिस्तानी संघाने भारतीय पंचांवर टाकलेला हा विश्वास मोठाच म्हणायला हवा. पुढे आयसीसीने 1994 पासून एक आणि 2002 पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे नेमायला सुरुवात केली. पक्षपाताचा आरोप जवळजवळ संपला. डोळ्यांच्या मर्यादा मात्र तशाच राहिल्या.

त्या मर्यादा जानेवारी 2008 मध्ये सिडनीला उघड्या पडल्या. अँड्र्यू सायमंड्स 30 धावांवर असताना इशांत शर्माच्या चेंडूला त्याच्या बॅटची कड लागली. आवाज घरी टीव्हीसमोर बसलेल्यांनीही ऐकला. बकनर यांनी नाबाद दिलं. सायमंड्स 162 धावांवर नाबाद राहिला. शेवटच्या दिवशी राहुल द्रविड पॅडला लागून गेलेल्या चेंडूवर झेलबाद ठरवला गेला आणि भारत 122 धावांनी हरला. भारतीय मंडळाच्या नाराजीनंतर पर्थच्या पुढच्या कसोटीतून बकनर यांना बाजूला करण्यात आलं. एवढा अनुभवी पंच असा पायउतार होताना पाहणं क्लेशकारक होतं. त्या सामन्यात बकनर यांचं चुकलं, यात शंका नाही. पण कोट्यवधी लोकांना संथ गतीने चार-चार वेळा दिसणारी गोष्ट ज्याला फक्त एकदा आणि पूर्ण वेगात पाहायला मिळते, त्याच्याशी आपण न्यायाने वागत होतो असंही म्हणता येणार नाही.

सहा महिन्यांतच, जुलै 2008 मध्ये, श्रीलंकेतल्या भारताच्या मालिकेत आयसीसीने नवी पद्धत आजमावली. पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याचा अधिकार आता खेळाडूंना मिळाला. हीच पद्धत पुढे डीआरएस म्हणून ओळखली जाऊ लागली. आव्हानामुळे बाद ठरलेला पहिला फलंदाज वीरेंद्र सेहवाग. संपूर्ण मालिकेत श्रीलंकेची 11 आव्हानं यशस्वी झाली आणि भारताचं फक्त एक. सिडनीत ज्या संघाला तंत्रज्ञानाची सर्वांत जास्त गरज भासली होती, तोच संघ पुढची आठ वर्षं त्याला नकार देत राहिला. आयसीसीच्या स्पर्धांमध्ये डीआरएस स्वीकारावाच लागे, पण द्विपक्षीय कसोटी मालिकांमध्ये भारताने तो पूर्ण स्वरूपात ठेवू दिला नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये राजकोटला इंग्लंडविरुद्ध भारताने तो मान्य केला. तेव्हा संघाचे प्रशिक्षक अनिल कुंबळे होते, श्रीलंकेतल्या त्या कडू मालिकेतले कर्णधार. आयसीसीच्या क्रिकेट समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं आणि चेंडूचा माग काढणाऱ्या यंत्राची चाचणी कशी होते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

भारताचा नकार हा निव्वळ हट्ट होता, असं मी म्हणणार नाही. त्यामागे एक खरा प्रश्न होता आणि तो समजून घ्यायचा तर पायचीतच्या निर्णयाची फोड करावी लागते.

पायचीत देताना पंचाला मुख्यतः तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. चेंडूचा टप्पा कुठे पडला? पायाला कुठे लागला? आणि पाय मध्ये नसता तर यष्ट्यांवर गेला असता का? पहिल्या दोन गोष्टी घडून गेलेल्या असतात, त्या कॅमेऱ्यात सापडतात. तिसरी घडलेलीच नसते. कोणताही कॅमेरा ती टिपू शकत नाही. ती हिशेबानेच काढावी लागते.

हा हिशेब हॉक-आय करतो. पॉल हॉकिन्स या इंग्रज संशोधकाच्या पुढाकाराने तो तयार झाला आणि 2001 मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीच्या प्रक्षेपणात पहिल्यांदा दिसला. मैदानाभोवती उंचावर कॅमेरे बसवलेले असतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रात संगणक चेंडू शोधतो. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि त्यावरून मेंदूला अंतर कळतं, तसंच अनेक कॅमेऱ्यांचे कोन जुळवून संगणक त्या क्षणी चेंडू नेमका कुठे होता ते ठरवतो. असे बिंदू एकापुढे एक जोडले की मार्ग मिळतो. पायाला लागेपर्यंतचा हा मार्ग मोजलेला असतो, त्यापुढचा वाढवलेला.

आता थोडं गणित. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे 39 मीटर जातो. कॅमेऱ्याने सेकंदाला 50 चित्रं टिपली तर दोन चित्रांच्या मध्ये चेंडू 78 सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. 340 चित्रं टिपली तर हे अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास येतं. टप्पा पडल्यावर चेंडूची दिशा आणि उसळी बदलते, म्हणून पुढचा मार्ग काढण्यासाठी टप्प्यानंतरचेच बिंदू कामाचे. आणि चेंडू टप्पा पडून लगेच, एका हाताच्या अंतरावर पायाला लागला, तर संथ कॅमेऱ्याच्या हाती तिथे जेमतेम एखादा बिंदू लागतो. एका बिंदूतून रेघ कोणत्याही दिशेला काढता येते. सुरुवातीच्या वर्षांत भारतीय खेळाडूंना जी शंका येत होती, तिची मुळं इथे होती. कॅमेरे वेगवान झाल्यावर ती बरीच कमी झाली, आणि 2016 चा होकार त्यानंतरचा आहे.

हिशेब जितका लांबवावा तितकी चूक वाढते. 27 फेब्रुवारी 2011 रोजी बंगळुरूला विश्वचषकाच्या सामन्यात भारताला याचा फटका बसला. युवराजसिंगच्या चेंडूवर इंग्लंडच्या इयान बेलविरुद्ध पायचीतचं अपील झालं. बिली बाउडेन यांनी नाबाद दिलं आणि धोनीने आव्हान दिलं. पडद्यावर चेंडू मधल्या यष्टीवर जाताना दिसला. प्रेक्षकांनी जल्लोष केला आणि बेल परत निघालासुद्धा. पण बेल क्रीजच्या बराच पुढे आलेला होता. पायाला लागलेल्या जागेपासून यष्ट्यांचं अंतर अडीच मीटरपेक्षा जास्त भरलं आणि एवढ्या अंतरावरच्या अंदाजावर निर्णय फिरवायचा की नाही, हे तेव्हाच्या नियमानुसार मैदानावरच्या पंचाच्या हाती होतं. बाउडेन यांनी तो फिरवला नाही. बेल वाचला. सामना 338 धावांवर बरोबरीत सुटला. तंत्रज्ञानात माणसाच्या विचारांची भेसळ झाल्यामुळे ती विकेट मिळाली नाही, अशा आशयाचं धोनी सामन्यानंतर बोलला.

धोनीचं हे वाक्य मी अनेकदा आठवलं आहे आणि दर वेळी माझं मत त्याच्या विरुद्धच गेलं आहे. ज्याला तो भेसळ म्हणाला, तो त्या यंत्रणेतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. 'अंपायर्स कॉल' या नावाने तो आज सर्वांना ठाऊक आहे आणि जवळजवळ सर्वांनाच नावडता आहे. नियम असा: मैदानावरच्या पंचाने नाबाद दिलं असेल, तर तो निर्णय फिरवण्यासाठी चेंडूचा निम्म्याहून जास्त भाग यष्ट्यांवर जाताना दिसायला हवा. बाद दिलं असेल, तर फिरवण्यासाठी चेंडू यष्ट्यांना पूर्णपणे चुकवून जाताना दिसायला हवा. मधल्या पट्ट्यात पंचाचा मूळ निर्णय कायम. म्हणजे तोच चेंडू, तोच मार्ग, आणि बोट आधी वर गेलं होतं की नाही यावर फलंदाजाचं भवितव्य.

मार्च 2021 मध्ये पुण्यात इंग्लंडविरुद्धची एकदिवसीय मालिका सुरू होण्याच्या तोंडावर विराट कोहलीने यावर नेमकं बोट ठेवलं. चेंडू यष्ट्यांना लागणार असेल तर फलंदाज बाद, मग निम्मा लागो की कडेने लागो. हा मधला पट्टा गोंधळ वाढवतो, असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्यक्ष त्रिफळा उडताना चेंडू किती टक्के लागला हे कोणी विचारत नाही, हे खरंच आहे. पण त्रिफळा उडालेला असतो. पायचीतमध्ये तो उडाला असता, असा तर्क असतो. चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरच्या थोडा वर. यष्टीला त्याचा निसटता अर्धा सेंटिमीटर लागणार असं संगणक सांगतो, तेव्हा त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना चुकीची शक्यता असते. पडद्यावरची ठळक, रंगीत रेघ ती शक्यता लपवते. अंपायर्स कॉल ती कबूल करतो. यंत्राला जिथे खात्री नाही, तिथे बावीस यार्डांहून थोडं लांबून सगळं पाहणाऱ्या, हजारो अपिलं पचवलेल्या माणसाचं मत ग्राह्य धरणं मला न्यायाचंच वाटतं. काही दिवसांतच कुंबळे यांच्या समितीच्या शिफारशीवरून आयसीसीने हा पट्टा कायम ठेवला. फक्त उंचीची मर्यादा यष्ट्यांच्या माथ्यापर्यंत वाढवली आणि गोलंदाजांना थोडा दिलासा दिला.

कड लागल्याचा निर्णय याहून सोपा असायला हवा, कारण तिथे भाकीत नाही. लागला किंवा नाही लागला. स्निको आवाजाची लहर दाखवतो आणि हॉट स्पॉट इन्फ्रारेड कॅमेऱ्याने घर्षणाची उष्णता. पण इथेही मामला सरळ नाही. 2013 मध्ये ट्रेंट ब्रिजवर जोनाथन ट्रॉटला पायचीत ठरवताना बाजूच्या हॉट स्पॉट कॅमेऱ्याचं चित्र उपलब्धच नव्हतं, कारण तो कॅमेरा आधीच्या चेंडूची विकेट पुन्हा दाखवण्यात गुंतलेला होता. चेंडू बॅटला लागला होता का, हे ठरवण्याचा मुख्य पुरावा प्रक्षेपणाच्या सोयीपायी हुकला.

2024 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तर भारताला दोन टोकं अनुभवायला मिळाली. पर्थला के. एल. राहुल मिचेल स्टार्कच्या चेंडूवर मैदानावरच्या पंचाच्या मते नाबाद होता. स्निकोवर लहर उठली, पण त्याच क्षणी बॅट पॅडला घासत होती आणि आवाज नक्की कशाचा हे सांगणारा समोरचा कोन तिसऱ्या पंचांना मिळाला नाही. तरीही राहुल बाद ठरला. पुढे मेलबर्नला 30 डिसेंबरला मुंबईचा यशस्वी जयस्वाल 84 धावांवर असताना पॅट कमिन्सच्या चेंडूवर झेलाचं अपील झालं. स्निकोची रेघ सपाट राहिली. पण चेंडूने दिशा बदलल्याचं डोळ्यांना दिसत होतं, आणि बांगलादेशचे तिसरे पंच शर्फुद्दौला यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवून नाबादचा निर्णय फिरवला. भारतीय प्रेक्षकांना राग आला. माझ्या मते शर्फुद्दौला बरोबर होते आणि त्यासाठी धैर्यही लागतं. यंत्राआड लपणं त्यांना सहज शक्य होतं. पर्थचा निर्णय मात्र मला अजून पटत नाही. स्पष्ट पुरावा नसताना मूळ निर्णय फिरवायचा नाही, हे या पद्धतीचं मूलतत्त्व तिथे पाळलं गेलं नाही. दोन्ही ठिकाणी यंत्र होतंच. फरक पडला तो समोर बसलेल्या माणसाने पुरावा कसा तोलला यामुळे.

आता आव्हानांच्या संख्येकडे येऊ. आज कसोटीत प्रत्येक डावात तीन आव्हानं अपयशी ठरली की संघाचा हक्क संपतो. ट्रेंट ब्रिजच्याच त्या सामन्यात स्टुअर्ट ब्रॉडची अ‍ॅश्टन अ‍ॅगरच्या चेंडूला जाड कड लागली, झेल स्लिपमध्ये गेला. पंच अलीम दार यांनी नाबाद दिलं. ऑस्ट्रेलियाकडे आव्हान उरलेलं नव्हतं आणि ब्रॉड स्वतःहून गेला नाही. इंग्लंडने सामना 14 धावांनी जिंकला. 2019 मध्ये हेडिंग्लेला तेच झालं. ऑस्ट्रेलियाने शेवटचं आव्हान जॅक लीचवर वाया घालवलं आणि लगेच नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्स पायचीत असूनही वाचला. त्याच्या नाबाद 135 धावांवर इंग्लंड एका विकेटने जिंकलं.

ऑस्ट्रेलियाने आव्हानं उधळली, मग भोगावं, असं म्हणणारे बरेच आहेत. मला हे पटत नाही. मर्यादा का आहे, ते मान्य: नाहीतर प्रत्येक अपिलावर खेळ थांबेल. पण ही पद्धत आणली गेली ती ढळढळीत चुका सुधारण्यासाठी. ब्रॉडची कड लाखो लोकांना दिसली, तिसऱ्या पंचालाही दिसत असणार, आणि तरीही त्याला तोंड उघडता येत नव्हतं. चूक सुधारण्याचा हक्क कर्णधाराच्या हिशेबीपणावर अवलंबून ठेवला की चांगला हिशेब करणाऱ्याला जास्त न्याय मिळतो. आव्हानं संपलेली असली तरी अशी उघड चूक तिसऱ्या पंचाने स्वतःहून मैदानावरच्या पंचाच्या कानात सांगावी, एवढी सुधारणा सहज करता येईल. दोघांमध्ये संपर्काची सोय आजही आहेच.

पैशाचा प्रश्न याहून जड आहे. अनेक मालिकांमध्ये हॉक-आय आणि इतर साधनं यजमान देशाच्या प्रक्षेपण कंपनीमार्फत येतात. जानेवारी 2022 मध्ये केपटाउनला याचा परिणाम दिसला. अश्विनच्या चेंडूवर मराइस इरॅस्मस यांनी डीन एल्गरला पायचीत दिलं. हॉक-आयने चेंडू यष्ट्यांवरून जाताना दाखवला. इरॅस्मस यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला नाही. भारतीय खेळाडू यष्टीतल्या मायक्रोफोनपाशी जाऊन प्रक्षेपण कंपनीवर पक्षपाताचा आरोप करत बोलले. मला त्या आरोपात तथ्य वाटत नाही. त्या खेळपट्टीवर उसळी होती आणि पुढे आलेल्या फलंदाजाच्या बाबतीत डोळा फसू शकतो. पण एकेकाळी यजमान पंचांवर जो संशय घेतला जायचा, तोच आता यजमान वाहिनीवर घेतला जातोय, हे लक्षात घ्यायला हवं. त्या संशयावरचा उपाय 1986 मध्ये लाहोरला सापडला होता: निर्णय देणाऱ्याचा यजमानाशी संबंध नसावा. तोच नियम कॅमेऱ्यांना लावायचा तर त्यांचा करार आणि खर्च आयसीसीकडे हवा.

आणि जिथे वाहिनीच नाही, तिथे काय? 2017 च्या महिला विश्वचषकात डीआरएस आला, पण टीव्हीवर प्रक्षेपित होणाऱ्या मोजक्या सामन्यांपुरताच. एकाच स्पर्धेत काही सामन्यांत चूक सुधारता येत होती आणि काहींत नव्हती, गुण मात्र सगळ्यांचे एकाच तक्त्यात. जून 2022 मध्ये बंगळुरूला मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यातला रणजी करंडकाचा अंतिम सामना डीआरएसविना झाला. मुंबईच्या सर्फराज खानविरुद्ध पायचीतचं जोरदार अपील फेटाळलं गेलं, त्यावर दाद मागायची सोय नव्हती, आणि त्याने शतक केलं. करंडक मध्य प्रदेशने जिंकला म्हणून ओरड झाली नाही, एवढंच. पुढच्याच वर्षी, मार्च 2023 मध्ये, मुंबईत महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिथे वाइड आणि नो-बॉलसाठीसुद्धा आव्हान देता येऊ लागलं. एका वाइडची किंमत एक धाव. रणजीत चुकीच्या पायचीतची किंमत कधीकधी एका तरुण फलंदाजाचा सगळा हंगाम असते. निवड समितीच्या तक्त्यात फक्त आकडा जातो, निर्णय चुकला होता ही नोंद जात नाही.

हॉक-आय प्रत्येक रणजी मैदानावर नेणं खर्चिक आहे, हे खरं. पण 2019-20 च्या हंगामात उपांत्य आणि अंतिम सामन्यांत चेंडूचा माग काढणाऱ्या यंत्राशिवायचा, मर्यादित डीआरएस वापरून झाला आहे. संथ गतीच्या चित्रफिती आणि यष्टीतला मायक्रोफोन एवढ्यावर कड, टप्प्याची जागा आणि नो-बॉल यांच्या बहुतेक ढळढळीत चुका पकडता येतात. जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ आपलं आहे. एवढं साहित्य रणजीच्या आणि महिलांच्या देशांतर्गत स्पर्धांच्या साखळी सामन्यांनाही त्याने द्यायला हवं, सामना टीव्हीवर दिसो वा न दिसो.